टर्नटेबल कसें निवडावें?



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर किंवा कपाटाच्या खालच्या खणांत तबकड्यांची एखादी पेटी अजून असेल. आजोबांनीं हौसेनें जमविलेल्या बालगंधर्वांच्या आणि हिराबाई बडोदेकरांच्या लाखेच्या तबकड्या तींत असतील. वडिलांनीं पहिल्या पगारांतून घेतलेली भीमसेन जोशी यांची लाँग-प्ले असेल. भावगीतांच्या आणि चित्रपटगीतांच्या लहान आकाराच्या तबकड्याहि असतील. मध्यंतरीं कॅसेट आली, मग सीडी आली, पुढें सगळें गाणें टेलिफोनमध्येंच जाऊन बसलें, आणि ही पेटी अडगळींत पडली. आतां ती पुन्हां खालीं उतरूं लागली आहे. हें वारें एकट्या आपल्याकडचें नव्हे. अमेरिकेंत २०२० सालीं तबकड्यांच्या विक्रीचें उत्पन्न सीडीच्या उत्पन्नाहून अधिक झालें. १९८० च्या दशकानंतर असें प्रथमच घडलें. पेटी खालीं उतरली म्हणजे घरांत दोन प्रश्न निघतात. या तबकड्या वाजवावयाच्या कशावर, आणि त्यासाठीं पैसे किती घालावे?

बाजारांत हातांत धरून नेण्याजोग्या स्वस्त पेटीपासून अनेक लाखांच्या यंत्रापर्यंत सर्व कांहीं मिळतें. मी आज बोलणार आहें तें मधल्या किंमतीच्या, म्हणजे स्थूलमानानें २५,००० ते ६०,००० रुपयांच्या यंत्रांविषयीं. दुकानांत गेल्यावर गिऱ्हाईक सहसा विचारतें, "याचा आवाज कसा आहे?" प्रश्न योग्य आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा हवा : "हें यंत्र माझ्या तबकडीचें काय करील?" या एका प्रश्नाचें बोट धरून गेलें, तर निवडीची पुष्कळशी वाट आपोआप सांपडते, असा माझा अनुभव आहे.

तबकडी वाजते म्हणजे काय होतें, हें क्षणभर पाहूं. लाँग-प्ले तबकडीच्या एका बाजूवर एकच अखंड चर असते. बाहेरच्या कडेपासून आंतल्या लेबलापर्यंत ती वळत वळत जाते. ती उलगडून सरळ केली, तर बावीस मिनिटांच्या एका बाजूची लांबी सुमारें अर्धा किलोमीटर भरेल. या चरीच्या दोन्ही भिंतींवर सूक्ष्म वळणें कोरलेलीं असतात. हिऱ्याचें टोंक असलेली सुई तीं वळणें चाचपीत पुढें सरकते, तिचा थरथराट कार्ट्रिजमध्यें विजेच्या मंद लहरींत बदलतो, आणि त्या लहरी वाढविल्या म्हणजे गाणें ऐकूं येतें. चर मऊ प्लास्टिकची, सुई हिऱ्याची. सुई सुस्थितींत असेल आणि तिचा भार बेताचा असेल, तर तबकडी शेंकडों वेळां वाजूनहि फारशी झिजत नाहीं. सुई झिजलेली असली, किंवा तिचा भार भलताच असला, तर मात्र तीच सुई किसणीचें काम करूं लागते. यंत्राची मोटर बदलतां येते, पट्टा बदलतां येतो, सुई तर बदलण्यासाठींच असते. चरीच्या भिंतीवरून एकदां खरवडून गेलेला स्वर परत बसविण्याची विद्या कोणापाशींहि नाहीं.

माझ्या हातून झालेली एक चूक येथें सांगितली पाहिजे. आमच्या घरीं किशोरी आमोणकर यांची, भूप आणि बागेश्री या रागांची लाँग-प्ले तबकडी होती. ती आईची, वेष्टनाच्या कोपऱ्यांत तिच्या हस्ताक्षरांत तिचें नांव आहे. एके वर्षीं मला असें जाणवलें, कीं भूपाच्या शेवटच्या भागांत आवाज फाटतो आहे. तबकडीवर धूळ बसली असेल, असें समजून मीं ती पुसली, पुन्हां वाजविली. पुन्हां पुसली, पुन्हां वाजविली. सुई बदलावी हें माझ्या मनांतच आलें नाहीं, कारण तबकडीच्या आरंभीं तर सारें स्वच्छ ऐकूं येत होतें. पुढें एका जाणत्या गृहस्थानें भिंगाखालीं सुई पाहिली, आणि तिचें टोंक झिजून त्याला दोन्ही अंगांनीं धार आल्याचें मला दाखविलें. नवी सुई बसविली. बाकीच्या तबकड्या स्वच्छ वाजूं लागल्या. भूपाचीं तीं शेवटचीं पांच मिनिटें मात्र आजहि खरखरतात. त्या तबकडीची दुसरी प्रत मला जुन्या बाजारांत मिळाली. ती वाजते छान. पण तिच्या वेष्टनावर आईचें नांव नाहीं. तेव्हां यंत्र निवडतांना तबकडीचा विचार आधीं करा, असें मी म्हणतों तें पुस्तकी ज्ञानावरून नव्हे.

आतां क्रमानें जाऊं. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरची पेटी उघडून तबकड्यांचे तीन ढीग करावे. पहिला ढीग जड, ठिसूळ, लाखेच्या तबकड्यांचा. या मिनिटाला ७८ फेरे घेतात आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावतें. अब्दुल करीम खां १९३७ सालीं वारले. त्यांचें गाणें आपल्यापर्यंत आलें तें अशाच तबकड्यांवरून. दुसरा ढीग सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या तबकड्यांचा. हा प्रकार अमेरिकेंत १९४९ सालीं निघाला. तिसरा ढीग बारा इंची लाँग-प्लेचा. ही तबकडी जून १९४८ मध्यें न्यूयॉर्क येथें प्रथम लोकांपुढें आली. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, आणि तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणें राहतें. ख्यालाला विलंबितापासून द्रुतापर्यंत ऐसपैस जागा मिळाली ती हिच्यामुळें.

हे ढीग कशासाठीं करावयाचे? कारण या तबकड्यांच्या चरी सारख्या रुंदीच्या नाहींत. लाँग-प्लेच्या सुईच्या टोंकाची त्रिज्या सुमारें ०.०१८ मिलिमीटर असते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुमारें ०.०७५ मिलिमीटरची, म्हणजे चौपट जाड सुई लागते. बारीक सुई त्या रुंद चरीच्या तळाशीं जाऊन बसते, तेथला कचरा उकरते आणि गाण्यापेक्षां खरखरच अधिक ऐकविते. उलट जाड सुई लाँग-प्लेवर ठेवली, तर ती चरींत नीट उतरतच नाहीं आणि कडा खरवडते. म्हणून ज्यांच्या पहिल्या ढिगांत जपण्याजोग्या तबकड्या आहेत, त्यांनीं ७८ ची गति असलेलें आणि सुई सहज बदलतां येईल असेंच यंत्र घ्यावें. मधल्या किंमतीच्या कित्येक चांगल्या यंत्रांना ३३⅓ आणि ४५ या दोनच गति असतात, आणि ही गोष्ट घरीं आल्यावर ध्यानांत येते.

येथेंच दोन सावधगिरीच्या सूचना देतों. मुंबईच्या चोर बाजारांत आणि इतरत्रहि पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन मिळतात. दिवाणखान्यांत ते शोभतात, पण त्यांची पोलादी सुई लाखेच्या तबकडीसाठीं असते, आणि तीहि दर बाजूला नवी लावावी लागते. त्यावर लाँग-प्ले ठेवणें म्हणजे ती एका दमांत नासविणें होय. दुसरी गोष्ट स्वस्त, पेटीवजा यंत्रांची. त्यांतील पुष्कळांत सुईचा भार पांच ग्रॅम किंवा त्याहूनहि अधिक असतो आणि तो कमी करण्याची कांहींच सोय नसते. चांगल्या यंत्रांत हाच भार सामान्यतः दीड ते अडीच ग्रॅम ठेवतात. हा फरक कानाला पहिल्या दिवशीं कळत नाहीं. तबकडीला मात्र पहिल्या फेरीपासून कळतो.

मग मधली किंमत मोजून आपण विकत घेतों तें काय? माझ्या मतें मुख्यतः सुईचा दांडा, ज्याला टोनआर्म म्हणतात. या दांड्याच्या मागच्या टोंकाला एक वजन असतें. तें मागेंपुढें फिरवून सुईचा भार हवा तितका ठेवतां येतो. कार्ट्रिज बनविणारा कारखाना त्यासोबत योग्य भार छापून देतो, तोच ठेवावा. भार जितका कमी तितकी तबकडी सुरक्षित, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. भार फार कमी झाला तर मोठ्या स्वराला सुई चरींत उड्या मारते आणि भिंतींवर आपटते. तें नुकसान जड भाराहून कमी नसतें. याच दांड्याला अँटीस्केट नांवाची आणखी एक योजना असते. फिरत्या तबकडीच्या घर्षणानें दांडा केंद्राकडे ओढला जातो आणि सुई चरीच्या आंतल्या भिंतीवर अधिक दाबली जाते. स्टिरिओ तबकडीच्या दोन भिंतींवर डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज असतात. म्हणून दाब दोहोंवर सारखा हवा. ही ओढ तोलून धरणें, हें अँटीस्केटचें काम. भार बदलतां येणें, ओढ तोलतां येणें आणि कार्ट्रिज बदलतां येणें, या तीन गोष्टी ज्यांत आहेत तें यंत्र पुढें विचारांत घ्यावें. यांतील पहिली आणि तिसरी नसेल, तर त्याच्या लाकडाची झिलई पाहत बसूं नये.

दुसरी गोष्ट गतीची. पाश्चात्य वाद्यवृंद ऐकणारापेक्षां आपल्या संगीताचा श्रोता या बाबतींत अधिक कडक परीक्षक आहे, कारण आपल्या गाण्यामागें तंबोरा अखंड चालूं असतो. यंत्राची गति किंचित् डळमळली, तर तंबोऱ्याचा षड्ज हेलकावे खातो आणि तें लगेच कानाला टोंचतें. गति सारखी असून अधिक असेल, तर सबंध गाणेंच वर चढतें. शेंकडा सहा इतकी गति वाढली, म्हणजे काळी एकमध्यें गाणारा गायक पांढरी दोनमध्यें गाऊं लागतो. इतकी मोठी चूक चांगल्या यंत्रांत नसते. परंतु शेंकडा एक-दीडची चूक जुन्या पट्ट्याच्या यंत्रांत आढळते, आणि ज्यांना तबकडीबरोबर तंबोरा लावून रियाज करावयाचा असतो त्यांना तीहि जाचते.

ही परीक्षा घरच्या घरीं करतां येते. तबकडीच्या लेबलावर कडेला कागदाचा लहान तुकडा ठेवा, सुई चरींत सोडा, घड्याळ पाहा आणि फेरे मोजा. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी बरोबर तीन मिनिटांत १०० फेरे पुरे करते. शंभरावा फेरा १८० सेकंदांला पुरा झाला तर गति बरोबर. १७८ सेकंदांला झाला तर यंत्र शेंकडा एकाहून थोडें अधिक जलद आहे. फेरे मोजतांना सुई तबकडीवर असलीच पाहिजे, कारण रिकामी थाळी आणि सुईचें घर्षण सोसणारी थाळी यांत फरक पडूं शकतो. अशी मोजणी दुकानांतहि करतां येते. दुकानदार जरा चकित होईल, होऊं द्यावा.

थाळी फिरविण्याच्या दोन मुख्य रीति आहेत आणि त्यांवरून रसिकांत वाद चालतात. एका रीतींत मोटर बाजूला असते आणि रबरी पट्ट्यानें थाळी फिरते. मोटरीची थरथर पट्ट्यांतच बरीचशी जिरते, म्हणून पार्श्वभूमि शांत राहते. मात्र कांहीं वर्षांनीं पट्टा सैल पडतो आणि बदलावा लागतो. अमेरिकेंत एडगर व्हिलचर यांनीं १९६१ सालीं काढलेलें एआर कंपनीचें साधें टर्नटेबल या रीतीचें मोठें नांवाजलेलें उदाहरण होय. दुसऱ्या रीतींत मोटर थेट थाळीच्या आंसाशींच जोडलेली असते. जपानच्या टेक्निक्स कंपनीनें १९७० सालीं असें यंत्र प्रथम बाजारांत आणलें. तिचें एसएल-१२०० हें १९७२ चें यंत्र इतकें टिकाऊ निघालें, कीं २०१० सालीं बंद केलेलें त्याचें उत्पादन २०१६ सालीं पुन्हां सुरूं करावें लागलें. या रीतींत पट्टा नाहीं, गति स्थिर, आणि पुष्कळदां ती थोडी कमीजास्त करण्याची सोयहि असते. मधल्या किंमतींत दोन्ही रीतींचीं चांगलीं यंत्रें मिळतात. तेव्हां रीतीच्या नांवावरून निर्णय करूं नये; तंबोरा ऐकावा आणि फेरे मोजावे.

उदाहरणादाखल तीन यंत्रांचे स्वभाव सांगतों. नमुने दर कांहीं वर्षांनीं बदलतात, म्हणून नांवापेक्षां स्वभाव ध्यानांत ठेवावा. इंग्लंडच्या रेगा कंपनीचें २०१६ सालचें प्लॅनर १ हें पट्ट्याचें यंत्र अत्यंत साधें आहे. त्यांत फिरविण्याच्या कळा जवळजवळ नाहींतच. ३३⅓ वरून ४५ वर जावयाचें तर थाळी उचलून पट्टा हातानें सरकवावा लागतो, आणि ७८ ची गति नाहीं. ज्यांच्या घरीं केवळ लाँग-प्ले आहेत आणि ज्यांना यंत्राशीं खटपट करावयाची नाहीं, त्यांना असें यंत्र मानवतें. प्रो-जेक्ट कंपनीचें २०२० सालचें डेब्यू कार्बन इव्हो हें दुसरें. त्याचा दांडा कार्बन तंतूंचा, थाळी पोलादी आणि जड, भार व अँटीस्केट दोन्ही बदलतां येणारे, ३३⅓ आणि ४५ कळीनें, आणि ७८ साठीं वेगळा पट्टा. ज्यांना बसून एकाग्रतेनें ऐकावयाचें आहे आणि अधूनमधूनच लाखेची तबकडी लावावयाची आहे, त्यांच्यासाठीं हें ठीक. तिसरें ऑडिओ-टेक्निका कंपनीचें एलपी-१२० एक्स, २०१९ सालचें. हें थेट मोटरीचें आहे; तीनहि गति कळीवर आहेत, गति कमीजास्त करतां येते, आणि कार्ट्रिज बसविलेलें दांड्याचें पुढचें टोंक सबंध निघतें. मिश्र पेटी असलेल्या घराला हा स्वभाव फार सोयीचा. जुन्या काळीं ध्वनिमुद्रणाची गति नेहमीं बरोबर ७८ च असे असें नाहीं. म्हणून जुन्या गायकाचा खरा स्वर मिळविण्यासाठीं गतीची ही कळ उपयोगी पडते.

आतां सुईकडे वळूं. मला विचाराल तर यंत्रावरचे शेवटचे पांच हजार रुपये वांचवून ते सुईवर खर्चावे. सुईचें टोंक साधें गोल असतें किंवा लंबगोल असतें. याहून बारीक घडणीचीं टोंकेंहि मिळतात. याचें महत्त्व कशांत आहे? तबकडीच्या बाहेरच्या कडेशीं चर सुईखालून सेकंदाला सुमारें अर्धा मीटर सरकते; आंत लेबलाजवळ हाच वेग निम्म्याहूनहि कमी होतो. तेवढाच काल, पण जागा निम्मी. म्हणजे वळणें दाटीनें बसतात. आणि आपल्या ख्यालगायनाची रचना अशी, कीं संथ विलंबित कडेच्या ऐसपैस जागेंत येतें आणि द्रुतांतील वेगवान् ताना नेमक्या आंतल्या दाटींत सांपडतात. गोल टोंक तेथें अडखळतें. लंबगोल टोंक तीं वळणें अधिक बिनचूक वाचतें. भूपाचीं शेवटचीं मिनिटेंच आधीं कां फाटलीं, याचें उत्तरहि यांतच आहे. म्हणून सुईची परीक्षा तबकडीच्या आरंभावरून करूं नये, शेवटावरून करावी.

सुईचें आयुष्य तिच्या घडणीप्रमाणें साधारण ३०० ते १,००० तासांचें असतें. रोज एक तास ऐकणाराची लंबगोल सुई वर्ष-दीड वर्षानें तपासणीला आली असें समजावें. तासांचा अंदाज वहींत लिहून ठेवण्याची संवय लावली तर पश्चात्ताप टळतो. कांहीं कार्ट्रिजांची योजना अशी असते, कीं मूळ अंग तेंच ठेवून पुढची सुई तेवढी हातानें ओढून काढतां येते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ मालिकेंत लाँग-प्लेच्या निरनिराळ्या सुयांबरोबर ७८ साठींची जाड सुईहि मिळते. मात्र जाड सुई लावल्यावर दांड्याचा भार तिच्याबरोबर दिलेल्या आंकड्याप्रमाणें बदलावा, आणि लाँग-प्ले लावण्यापूर्वी तो पुन्हां पहिल्यासारखा करावा.

खर्चाचा आणखी एक भाग पुष्कळांना नंतर कळतो. कार्ट्रिजमधून निघणारी विजेची लहर केवळ कांहीं सहस्रांश व्होल्टची असते. शिवाय तबकडी कापतांना खर्ज मुद्दाम कमी आणि तार मुद्दाम अधिक केलेला असतो, नाहीं तर खर्जाचीं मोठीं वळणें शेजारच्या चरींत घुसतील. ऐकतांना हें पुन्हां उलट करावें लागतें. त्याचें प्रमाण १९५४ च्या सुमारास ठरून सर्वमान्य झालें. हें काम करणाऱ्या उपकरणाला फोनो-प्रीअँप्लिफायर म्हणतात. तें कांहीं टर्नटेबलांत अंगचेंच असतें, कांहीं जुन्या अँप्लिफायरांत 'फोनो' नांवाच्या जागेमागें असतें. दोन्हीं नसेल तर वेगळें घ्यावें लागतें. तेव्हां आधीं घरचा अँप्लिफायर तपासून मगच हिशेब करावा. माझी सूचना अशी, कीं ठरविलेल्या रकमेचा चौथा हिस्सा बाजूला काढून ठेवावा : त्यांत प्रीअँप्लिफायर, एक जादा सुई, भार मोजण्याचा लहान कांटा आणि धूळ झाडण्याचा मऊ ब्रश बसला पाहिजे. बिनतारी जोडणी, संगणकाला जोडण्याची सोय, रंगीत दिवे यांना कोणी नांवें ठेवूं नयेत; पण त्यांपायीं दांड्यांत आणि सुईंत तडजोड होत असेल, तर त्या सोयींचा लोभ सोडावा. गाणें संपल्यावर दांडा आपोआप उचलला जाण्याची सोय मात्र वडीलधाऱ्यांच्या घरीं खरोखर उपयोगी आहे. ऐकतां ऐकतां डोळा लागला, तरी सुई रात्रभर शेवटच्या चरींत फिरत राहत नाहीं.

यंत्र घरीं आल्यावर तें ठेवावें कोठें, हेंहि निवडीइतकेंच महत्त्वाचें. जागा पाणसळ लावून सपाट करावी. ध्वनिवर्धक ज्या फळीवर आहेत त्याच फळीवर टर्नटेबल ठेवूं नये. त्यांची थरथर सुईंत शिरते आणि घुमू लागते. चालतांना जमीन हादरत असेल, तर भिंतीला ठोकलेली मजबूत फळी उत्तम. मागें लोंबणारी बारीक तार अँप्लिफायरच्या भूजोडणीच्या स्क्रूला जोडली नाहीं तर गुणगुण ऐकूं येते. कित्येक चांगलीं यंत्रें या एका तारेपायीं 'बिघडलेलीं' म्हणून परत जातात. आपल्याकडे छताचा पंखा सबंध खोलीची धूळ तबकडीवर आणून टाकतो. म्हणून झांकण असलेलें यंत्र घ्यावें आणि प्रत्येक वेळीं सुई ठेवण्यापूर्वी ब्रश फिरवावा. मुंबईकोंकणच्या पावसाळ्यांत तबकड्यांवर बुरशी येते. लाँग-प्ले शुद्ध पाण्यांत सौम्य साबणाचा थेंब घालून, लेबल भिजूं न देतां पुसावी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट चुकूनहि लावूं नये. लाख त्यांत विरघळते. तबकड्या उभ्याच ठेवाव्या, उन्हापासून दूर.

आतां एक शंका उरते, आणि ती मी स्वतःलाच अनेकदां विचारली आहे. हीं गाणीं टेलिफोनवर क्षणांत मिळत असतां एवढा खटाटोप कशाला? केवळ गाणें कानीं पडावें एवढाच हेतु असेल, तर खटाटोप नको. ते पैसे एखाद्या मैफलीला जाण्यांत घालवावे. पण सर्वच तबकड्यांतलें गाणें नव्या साधनांवर आलेलें नाहीं. एखादी आपल्या पेटींतच असेल. आणि जें आलें आहे त्यांतहि, आपल्या घरच्या माणसानें निवडून, पैसे साठवून आणलेली प्रत एकच असते. ती वाजवावयाची तर जपून वाजवावी, किंवा मग पेटींतच राहूं द्यावी. अर्धवट यंत्रावर घालून तिची हौस फेडूं नये.

तात्पर्य इतकेंच. दुकानांत जातांना घरची एक तबकडी बरोबर न्यावी; फार मोलाची नको, पण ओळखीची हवी, आणि तिच्या शेवटीं द्रुत असावें. तेथें पांच गोष्टी विचाराव्या : सुईचा भार किती आणि तो बदलतां येतो काय, कार्ट्रिज आणि सुई कोणती, आणि दुसरी सुई कोठें मिळेल, माझ्या ढिगांतील सगळ्या गति यांत आहेत काय, प्रीअँप्लिफायर अंगचा आहे काय, आणि पट्टा किंवा मोटर बिघडल्यास दुरुस्त कोण करील. मग तबकडी लावावी, तंबोरा ऐकावा, शंभर फेरे मोजावे, आणि शेवटचीं पांच मिनिटें डोळे मिटून ऐकावीं. तीं स्वच्छ आलीं, तर यंत्र घरीं आणावें. नंतर एखाद्या रविवारीं सकाळीं घरांतल्या सर्वांत वडील माणसाला विचारावें, कीं पहिली कोणती लावूं?